शिंगापासून शेपटीपर्यंत जखम

त्या राज्यात कुणाचीही जखम बरी होऊ देत नसत. गवत भरपूर होतं, तळं बारमाही होतं, लांडगे डोंगरापलीकडे कधीचेच निघून गेले होते. म्हणजे दुःख करावं असं तसं काही उरलं नव्हतं. पण दुःख नसेल तर मान कशाच्या जोरावर मागायचा? म्हणून बैलांनी, बोकडांनी, मेंढ्यांनी आपापली एकेक जुनी जखम नीट सांभाळून ठेवली होती. खपली धरू लागली की सकाळी उठून ती बाभळीच्या खोडाला घासायची, पुरेशी लाल झाली का ते शेजाऱ्याला विचारायचं आणि मग चरायला निघायचं, असा तिथला रिवाज. बाभळीची खोडं घासून घासून अशी गुळगुळीत झाली होती की मुंग्यासुद्धा घसरून पडत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पाण्यासाठी. संध्याकाळी तळ्यावर रांग लागायची ती जखमेच्या मापाने. सगळ्यांत मोठी जखम सगळ्यांत पुढे. पुढच्यांना नितळ पाणी, मधल्यांना गढूळ, आणि ज्यांच्या अंगावर जखमच नाही त्यांना खुरांनी तुडवलेला चिखल. तोंड पाण्याला लावण्याआधी प्रत्येकाने आपल्या जखमेची हकिकत सांगायची. मागचे तहानेने जीभ काढून उभे असत, त्यामुळे हकिकत ऐकत कुणीच नसे. पण सांगणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नसे.

हकिकतीही वयाबरोबर वाढत गेल्या होत्या. रांगेत पहिला मान होता दणकोजीआबांचा. आबा म्हणजे बैलांमधले थोरले, मानेवर वशिंड असं की त्यावर चिमण्यांनी संसार थाटावा. तरुणपणी एकदा उतारावर पाय घसरून ते एका बुंध्यावर आदळले आणि खांदा फुटला. पहिल्या वर्षी ते बुंध्याचंच नाव सांगत. मग बुंध्याच्या जागी लांडगा आला. पण लांडगे निघून गेल्यावर रागवायला समोर कुणी राहिना, तेव्हा आबांना आठवलं की तो लांडगा नव्हताच, दाढोबा बोकडाचा बाप होता. बोकडाचं शिंग बैलाच्या खांद्यापर्यंत पोचलं कसं, हे कुणी विचारत नसे. तसं विचारणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं.

दाढोबाची जखम मांडीला होती. दुसऱ्याच्या कुंपणातून काकडीच्या वेलावर तोंड टाकताना काटा लागला, एवढीच त्या जखमेची खरी कुळकथा. पण आता ती दणकोजीआबांच्या वडलांची लाथ झाली होती. गुंडाई मेंढीची जखम मानेला होती आणि ती कुणी केली हे तिला मुळीच आठवत नसे. म्हणून ती एक दिवस बैलांचं नाव घेई, एक दिवस बोकडांचं. दोन्ही घरांतून तिला सांत्वनाचा पाला येई आणि त्यावर तिची तब्येत छान राहिली होती.

या सगळ्यात भादवी म्हशीची मात्र पंचाईत होती. तिचं कातडं जाड आणि स्वभाव त्याहून जाड. आयुष्यात कुणी तिला ढुशी दिली तरी तिला ती दुसऱ्या दिवशी कळायची, आणि तोवर ढुशी देणारा समोरून गेलेला असायचा. त्यामुळे तिच्या अंगावर एक ओरखडा म्हणून नव्हता. ती रांगेत शेवटची. चिखल प्यायची, चिखलातच बसायची आणि रवंथ करत सूर्य बुडताना बघायची. तिचं म्हणणं, पाणी काय नि चिखल काय, रात्री दोन्हीचा रंग एकच. असं म्हणून ती समाधानात होती. निदान पाहुण्या येईपर्यंत तरी होती.

पाहुण्या आल्या त्या समुद्रापलीकडून. वाऱ्याबरोबर आल्या की कुणाच्या लोकरीत लपून, हे नंतर कुणालाच नक्की सांगता येईना. सीमेवर पहारा होता, नव्हता असं नाही. कोतवाल पक्षी उंच काठीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत असे. पण त्याला शिकवलेलं इतकंच, की दात बघायचे आणि नख्या बघायच्या. या पाहुण्यांना दात नव्हते, नख्या नव्हत्या. निळेहिरवे चकचकीत अंगरखे होते, तांबडे डोळे होते आणि बोलणं असं मऊ की कोतवालालाच आपल्या खरखरीत आवाजाची लाज वाटली. येण्याचं कारण काय, असं त्याने विचारलं. त्यांच्यातली वडीलधारी, जिला पुढे सगळं राज्य पाहुणीबाई म्हणू लागलं, ती म्हणाली, “आम्ही फक्त ऐकायला आलोत, भाऊ.” ऐकायला येणाऱ्याला अडवायचं असं कोतवालाच्या नियमात कुठेच नव्हतं.

आणि खरोखरच त्या ऐकायला बसल्या. त्या संध्याकाळी दणकोजीआबा आपली हकिकत सांगू लागले तेव्हा पाहुणीबाई त्यांच्या खांद्यावर, जखमेच्या अगदी काठाशी येऊन बसली आणि दोन हात चोळत शेवटपर्यंत ऐकत राहिली. आबांच्या उभ्या आयुष्यात त्यांची हकिकत कुणी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. मध्येच थांबून ते गदगदले. पाहुणीबाई म्हणाली की एवढा मोठा अन्याय आणि एवढीशी जखम, हे काही तिला बरं दिसत नाही. मग दोन्ही बाजूंनी आभार मानले गेले, आणि पाहुणीबाईने जखमेच्या काठावर आपली आठवण म्हणून पांढरी, बारीक अशी काही अंडी ठेवली.

त्या अंड्यांतून जे बाहेर आलं ते आत शिरलं. किडे मेलेलं मांस खात नसत, जिवंत मांसच त्यांना लागे. जखम खोल झाली, रुंद झाली, रात्रंदिवस वळवळू लागली. दुसऱ्या कुठल्याही मुलखात जनावरांनी अशा वेळी बोंब मारली असती. इथे काय झालं, तर शेजारीपाजारी आबांचं अभिनंदन करायला आले. खाज तर अशी गोड होती म्हणे, की त्यापुढे ताजं गवतही फिकं लागे. दाढोबाला ते बघवेना. त्याने मुद्दाम मांडी घासून घासून पाहुण्यांना बोलावणं धाडलं. थोड्याच काळात असं झालं की ज्याच्या जखमेत पाहुण्या उतरलेल्या नाहीत तो तोंड लपवून फिरू लागला.

काही जनावरं खंगून पडली. त्यांना निरोप देताना त्यांच्या जखमांची एवढी वाखाणणी झाली की जिवंत असलेल्यांना आपण मागे राहिल्यासारखं वाटलं. पण खरी गोष्ट पिलांपाशी येऊन अडली. जन्मलेल्या प्रत्येक पिलाच्या बेंबीला नाळ तुटल्याची ओली जागा असते. तिच्यामागे ना बुंधा असतो, ना लांडगा, ना कुणाचा बाप. पाहुण्यांना त्याचं काही नव्हतं. जिथे कुणी व्यालं तिथे त्या बारशाला आल्यासारख्या येऊन पोचत.

भादवीचं गेल्या वेताचं रेडकू असंच गेलं. चीक पिऊन नुकतं कुठे उभं राहायला लागलं होतं. ती पाला आणायला वळली तेवढ्यात पाहुण्या बेंबीशी बसून गेल्या होत्या. नंतर मंडळी समाचाराला आली तेव्हा दणकोजीआबा म्हणाले की पोर भाग्याचं, वयाच्या मानाने एवढी मोठी जखम आजवर या राज्यात कुणाला झाली नव्हती. जगलं असतं तर तळ्यावर पहिलं पाणी त्याचंच. आबांना हे मनापासून वाटत होतं, त्यात खवचटपणा नव्हता. भादवीने त्यांच्याकडे पाठ केली आणि उभी राहिली. तिच्या जाड कातड्यातून ते बोलणं आत जायला वेळ लागला, पण गेलं ते मग बाहेर आलंच नाही.

आता ती पुन्हा गाभण होती. पोट जमिनीला टेकायच्या बेताला आलं, तेव्हा जन्मात पहिल्यांदा ती रांग सोडून पुढे गेली आणि तळ्याकाठी आबा, दाढोबा, गुंडाई अशा पंचांसमोर उभी राहिली. म्हणाली, “आबा, माझं मागणं थोडं आहे. माझं पोर उभं राहीपर्यंत सगळ्यांनी आपापल्या जखमा भरू द्याव्यात. खायला मिळालं नाही की पाहुण्या जातील. मग पुन्हा हव्या तेवढ्या घासा की.”

मंडळी अगदी सहृदय होती. सगळ्यांना तिचं म्हणणं पटलं. दणकोजीआबा म्हणाले, आपण आजच्या आज खपली धरू देतो, फक्त आधी बोकडांनी धरू द्यावी. दाढोबा म्हणाला, आपली ना नाही, पण आधी लाथ मारणाऱ्याने भरावी की लाथ खाणाऱ्याने, हे भादवीवहिनींनीच सांगावं. गुंडाईला रडू आलं. ती म्हणाली की आपली जखम दोघांनी मिळून केलेली असल्यामुळे ती दोघांच्या नंतर भरेल. पाहुणीबाई या कानावरून त्या कानावर जाऊन प्रत्येकाला दुसऱ्याच्या बोलण्याचा खरा अर्थ समजावून देत होती. शेवटी असं ठरलं की भादवीचं दुःख फार मोठं आहे, आणि पाहुण्या दुरून आलेल्या असल्यामुळे त्यांना पाणवठ्यावर कायमची जागा द्यावी.

यावर म्हशीने काय करावं? म्हशी करतात तेच तिने केलं. ती जाऊन चिखलात बसली.

रोजच्या डबक्यात बसायचं मात्र तिला जिवावर आलं, कारण तिथून पाणवठा दिसे. ती टेकडीमागे गेली. तिथे कावेचा एक डबरा होता. काव म्हणजे तांबडी माती, कुंकवासारखी. त्या मातीवर गवत उगवत नसल्याने तिकडे कुणी फिरकत नसे. भादवी त्या मऊ गाऱ्यात शिरली आणि दिवसभर लोळली. या कुशीवर, त्या कुशीवर, पाठीवर, पाय वर करून. दुःखात असलेली म्हैस चिखलात लोळताना आनंदात असलेल्या म्हशीसारखीच दिसते, त्यामुळे तिला स्वतःलाही हळूहळू बरं वाटू लागलं. तहान लागली तशी उठली आणि सवयीने तळ्याकडे चालू लागली.

सूर्य मावळतीला टेकला होता. शिंगांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत लालभडक झालेली भादवी टेकडी उतरून येताना दिसली आणि रांगेत जो तो जागच्या जागी थिजला. इतकी मोठी जखम आजवर कुणी पाहिली नव्हती. जखमेला म्हैस झाली होती म्हणा ना. लहान पिलांनी आयांच्या पोटाखाली तोंडं लपवली. रांग मधोमध फाटली आणि दणकोजीआबा, ज्यांनी आजवर आपल्या सावलीलाही पुढे जाऊ दिलं नव्हतं, ते चार पावलं मागे सरकले.

“कुणी केलं हे, पोरी?” त्यांनी विचारलं.

भादवी सरळ स्वभावाची. माती आहे, असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण उघडल्या तोंडासमोर तळ्याचं नितळ पाणी होतं. तळाशी गोटे दिसत होते, गोट्यांवरून मासे फिरत होते. असं पाणी तिने कधी प्यायलं नव्हतं. तेव्हा तिने आधी पाणी प्यायचं आणि मग सांगायचं असं ठरवलं. म्हैस पाणी प्यायला लागली की तिला किती वेळ लागतो हे सांगायला नको. तिने तोंड वर काढलं तोवर रांगेच्या शेवटापर्यंत निम्म्यांनी बैलांना दोषी धरलं होतं, निम्म्यांनी बोकडांना, आणि मग खरं सांगायची जागाच उरली नव्हती. शिवाय पाणी फार गोड होतं. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं सगळ्यांना थोर वाटलं.

आणि तेवढ्यात पाहुण्या आल्या. आबांच्या खांद्यावरच्या उठल्या, दाढोबाच्या मांडीवरच्या उठल्या, गुंडाईच्या मानेवरच्या उठल्या, आणि सगळा निळाहिरवा ढग भादवीच्या पाठीवर उतरला. एवढं मोठं अंगण समोर असताना कोनाड्यात कोण बसतं? पाहुणीबाई जखमांची मोठी जाणकार. पण जाणकाराचं असं असतं की लांबूनच ओळखायची सवय झालेली असते, जवळ येऊन वास घ्यायचं काम तो नवख्यांना सांगतो, आणि इथे नवखीसुद्धा स्वतःला जाणकार समजत होती. सगळ्यांनी अंडी घातली. पोटात होती नव्हती तेवढी घातली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं, चिखल सुकला, त्याला भेगा पडल्या आणि पापुद्रे गळून पडले. पापुद्र्यांबरोबर अंडीही पडली आणि वाळून तिळासारखी झाली. भादवी मान वळवून बघत होती. तिला गोष्टी उशिरा कळत, पण ही तिला पापुद्रा जमिनीवर पडेपर्यंत कळली. ती उठली, पुन्हा डबऱ्यात गेली आणि पुन्हा लाल होऊन आली.

इकडे दणकोजीआबांना त्या रात्री बऱ्याच काळाने गाढ झोप लागली. खांद्यावर कुणी नव्हतं. सकाळी ते बाभळीपाशी गेले खरे, पण खांदा घासायचा कंटाळा आला. त्यांनी बाभळीला नुसता नमस्कार केला आणि परत आले.

दाढोबाला मात्र चैन पडेना. बोकडाची जात दिसेल ते चाखून बघणारी. एके दुपारी भादवी सावलीत पेंगत असताना तो मागून आला आणि तिच्या फऱ्यावर जीभ लावली. मग दुसऱ्या बाजूने लावली. मग मटकन खाली बसला आणि दाढी हलेपर्यंत हसला.

“माती आहे की गं, वहिनी.”

भादवी गयावया करू लागली. पोर जमिनीवर येईपर्यंत कुणाला सांगू नका, असं म्हणाली. दाढोबाने शपथ घेतली, पण एका अटीवर, की डबरा कुठे आहे ते दाखवायचं. त्याला काही पोराची काळजी पडली नव्हती. आबांच्या पुढे उभं राहून पाणी प्यावं, एवढी एकच इच्छा त्याला लहानपणापासून होती. दुसऱ्या संध्याकाळी दाढोबा दाढीपासून खुरांपर्यंत तांबडा होऊन लंगडत लंगडत तळ्यावर आला. लंगडण्याची गरज नव्हती, ती त्याची स्वतःची भर होती.

शपथ घेतलेल्या बोकडाइतकं अस्वस्थ या जगात कुणी नसतं. दाढोबाने ती गोष्ट फक्त गुंडाईला सांगितली, तीही शपथ घालून. गुंडाईने ती बैलांच्या घरी एकालाच सांगितली आणि बोकडांच्या घरी एकालाच. प्रत्येकाला वाटलं की हे गुपित आपल्याला एकट्याला कळलंय, डबरा आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे. कुणी पहाटे गेलं, कुणी भर दुपारी, कुणी गवत शोधण्याचं निमित्त करून. टेकडीच्या एका बाजूने एकजण तांबडा होऊन उतरे, तेव्हा दुसऱ्या बाजूने दुसरा इकडेतिकडे बघत चढे. दणकोजीआबांना ते स्वतःच्याच नातवाकडून कळलं आणि चार दिवस त्यांनी तत्त्वाचा विचार केला. पाचव्या दिवशी तेही गेले. वयोमानाने त्यांना लोळल्यावर उठता येईना, पण बोलावणार कुणाला? अखेर आपले आपणच घसरत घसरत बाहेर आले, आणि त्यामुळे माती चांगली दाट बसली.

असं करता करता सगळं राज्य लाल झालं. मातीखाली खऱ्या जखमा झाकल्या गेल्या. त्यांना ना बाभूळ लागत होती, ना पाहुणी. आधीचे किडे पोसून गळून गेले, नवे आले नाहीत, आणि त्या गुपचूप भरू लागल्या.

आणि मग एक अशी गोष्ट घडली की जी पाहुणीबाईच्याही हिशेबात नव्हती. प्रत्येकाला ठाऊक होतं की आपली जखम मातीची आहे. पण समोरच्याची? गुपित सांगणारा सोडला तर समोरच्याची खरीच असणार. भादवी आणि दाढोबा सोडले तर प्रत्येकाला वाटू लागलं की एवढ्या साऱ्या पोळलेल्यांमध्ये आपण तेवढे एकटे धडधाकट भामटे आहोत. दाढोबालाही पुढे पुढे खात्री वाटेना, कारण त्याने सांगितलं होतं फक्त गुंडाईला. मग हे बाकीचे इतके लाल कशाने झाले?

एका संध्याकाळी दणकोजीआबा आणि दाढोबा तळ्यावर शेजारीशेजारी आले. रिवाजाप्रमाणे आबांनी हकिकत सांगायला हवी होती. ते बराच वेळ खाकरले. खोटी जखम अंगावर घेऊन खरं दुःख सांगायला त्यांची जीभ वळेना. त्यांनी दाढोबाकडे बघितलं. दाढीपासून खुरांपर्यंत लाल. आमच्या वडलांनी खरंच मारली असेल का लाथ, असं त्यांच्या मनात आलं. ते हळूच म्हणाले,

“फार दुखतं का हो, दाढोबा?”

दाढोबाने आजवर आबांना हजार टोमणे तयार ठेवले होते. त्यातला एकही या प्रश्नावर बसेना. तो म्हणाला, “माझं सोडा, आबा. तुमचंच बघवत नाही.” आणि हे ऐकून आबा दुसरीकडे बघू लागले, कारण डोळ्यात आलेलं पाणी मातीवर ओघळलं तर रंग जाईल याची त्यांना धास्ती होती.

त्या दिवसापासून तळ्यावर हकिकती बंद झाल्या. पकडले जाण्याची भीती सगळ्यांनाच. जखमेचा विषय निघाला की कुणीतरी घाईघाईने गवताबद्दल बोले. गवतावरून बोलणं ढगांवर जाई, ढगांवरून पोरांच्या वांडपणावर. गुंडाईला तर इतकं बोलायचं होतं आणि इतकी वर्षं जखमेवाचून दुसरं काही बोलली नव्हती, की तिला गप्प करायला दुसऱ्यांना पाला द्यावा लागे.

पाहुण्या घटू लागल्या. अंडी मातीत वाळत होती, नवी पिढी उठत नव्हती, जुन्या म्हाताऱ्या होऊन गळत होत्या. ही माती आहे, असं पाहुणीबाईला एव्हाना कळलं नसेल असं नाही. पण जखमांची जाणकार म्हणून जिचं नाव समुद्रापलीकडे, तिने मातीला जखम समजून पोट रिकामं केलं, हे सांगायचं कुणाला? ती कानाकानांशी जाऊन जुन्या गोष्टी आठवून देई. जनावरं मान डोलवत आणि म्हणत, हो हो, पण आता नको, समोरच्याला फार लागलंय.

भादवीचे दिवस भरले. भर दुपारी, डबऱ्याकाठच्या करंजाखाली ती व्याली. रेडकू झालं, काळं कुळकुळीत, कपाळावर चंद्राएवढा पांढरा ठिपका. तिने ते चाटून कोरडं केलं. पण बेंबीची जागा ओलीच होती, ती सुकायला काळ जायला हवा होता. आणि उरल्यासुरल्या सगळ्या पाहुण्या, पोटात शेवटची अंडी घेऊन, करंजाच्या फांदीवर येऊन बसल्या होत्या. पाहुणीबाई मध्ये होती. तिने हात चोळायला सुरुवात केली.

भादवी एका बाजूने शेपूट हाणी तर त्या दुसऱ्या बाजूने उतरत. ती तिकडे वळली की इकडून. म्हशीला वळायला लागणारा वेळ पाहुण्यांनी चांगला ओळखला होता. तिने मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, मान वर करून हंबरली. टेकडीपलीकडे तळ्यापर्यंत ते ऐकू गेलं.

पहिले आले दणकोजीआबा. या वयात ते पळाले, हे नंतर त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. आले आणि रेडकाकडे पाठ करून उभे राहिले, शेपटीचा गोंडा त्याच्या बेंबीवर येईल असे. मग दुसरे बैल आले, गाई आल्या. खेटून खेटून सगळे असे उभे राहिले की मध्ये रेडकू आणि भोवती नुसत्या शेपट्या. इकडून सपकन, तिकडून सपकन. मेंढ्यांच्या शेपट्या कामाच्या नव्हत्या, म्हणून गुंडाई आणि तिचा गोतावळा खालून पायांमधल्या फटी बुजवून बसला. दाढोबाची शेपूट तर बोटभर. तो गोलाच्या आत शिरला, रेडकापाशी पसरला आणि आपल्या दाढीने त्याची बेंबी झाकली. दाढी कधी काळी कामाला येईल असं बोकडांच्या घराण्यात कुणाला वाटलं नव्हतं.

सूर्य कलला, उतरला, दुसऱ्या दिवशी परत आला, आणि शेपट्या चालूच होत्या. कुणी दमलं की शेजाऱ्याच्या पाठीवर मान टेकून डुलकी काढी आणि शेपूट तेवढी हलवत राही. पाहुण्या घिरट्या घालत राहिल्या, एकेक करून शेपटीखाली सापडत राहिल्या. खेटून उभं राहिल्याने मातीवर माती घासली जात होती. आबांच्या खांद्याची माती शेजारच्या गाईला लागली, गाईची पापुद्र्याने गळून गुंडाईच्या डोक्यावर पडली. हळूहळू एकेकाचं अंग उघडं पडू लागलं. गाईने आबांच्या खांद्याकडे बघितलं. तिथे जखम नव्हती, नवे मऊ केस आले होते. आबांनी दाढोबाच्या मांडीकडे बघितलं. दाढोबाने सगळ्यांकडे बघितलं आणि त्याच्या पोटात हसू मावेना, पण दाढी हलवायची सोय नव्हती. तो ते गिळून पडून राहिला. शेपट्या चालू होत्या.

अखेर नाळेचा तुकडा वाळून गळून पडला आणि खालची कातडी कोरडी, गुळगुळीत निघाली. भादवीने ती चाटली, हुंगली, पुन्हा चाटली. मग तिने आपलं डोकं दाढोबाच्या डोक्याला लावलं, आणि तो म्हणाला, “पुरे वहिनी, दाढी झिजली माझी.”

सगळे तहानले होते. सगळे तळ्यावर गेले आणि काठावर येऊन थांबले. रांग लावायची कशी? कुणाच्याच अंगावर काही नव्हतं. आबा दाढोबाला म्हणाले, तुम्ही आधी. दाढोबा गुंडाईला म्हणाला. गुंडाई म्हणाली की आधी जाण्याची तिला सवय नाही. थोरामोठ्यांची ही आदबशीर कोंडी चाललेली असताना रेडकू त्यांच्या पायांतून वाट काढत सरळ पाण्यात शिरलं, पोटापर्यंत, आणि त्याच्यामागे त्याची आई, आणि मग जो तो जिथे उभा होता तिथूनच. तळं एवढं मोठं आहे, त्याला सगळीकडूनच काठ आहे, हे पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्या पाण्यात दणकोजीआबा वशिंडापर्यंत बुडून बसले होते आणि बोकडांची करडं त्यांच्या पाठीवरून घसरगुंडी करत होती. आबा तोंडाने रागावत होते आणि प्रत्येक करडू परत वर चढेपर्यंत पाठ स्थिर धरत होते. काठावर भादवी रवंथ करत पहुडली होती. तिच्याजवळ रेडकू उन्हात अंग सुकवत उभं होतं.

पाहुणीबाई आली ती पायीच म्हणायची. पंखांना तेवढा जोर राहिला नव्हता. गवताच्या काडीवरून ती रेडकाच्या पायावर, पायावरून पाठीवर आणि तिथून कानाशी पोचली. दोन हात चोळून, फार मऊ आवाजात तिने विचारलं,

“बाळा, या तळ्यावर तुझ्या आजोबांना कुणी ढुशी मारली होती, हे तुला कुणी सांगितलंय का?”

रेडकाने कान हलवला.

पाहुणीबाई उरलासुरला जोर लावून उडाली, डोक्यावरून एक फेरी मारून दुसऱ्या कानाशी बसली आणि हात चोळू लागली. रेडकू पाण्यातल्या घसरगुंडीकडे बघत होतं, आपली पाळी केव्हा येते म्हणून. त्याने तोही कान हलवला.